सिंहासन आईचं, राज्य मुलाचं

आज आम्ही तुम्हाला घेऊन जाणार आहोत प्राचीन इजिप्तमध्ये, नाईल नदीच्या काठी. तिथे राजाला माणूस नव्हे, देव मानत. पण हे देवपण राजाला मिळालं कुठून? एका आईकडून.

त्या आईचं नाव इसिस. चित्रलिपीत तिचं नाव लिहायचं तर सिंहासनाचं चित्र काढत. चित्रांत तिच्या डोक्यावरही सिंहासनच दिसतं. तिचा नवरा ओसायरिस राजा होता. राज्याच्या लोभाने त्याचा भाऊ सेत याने त्याला मारलं. इसिसने नवऱ्याचा देह शोधून काढला, मंत्रांनी त्यात जीव आणला, आणि तिला मुलगा झाला, होरस. सेतच्या भीतीने तिने तो नदीच्या मुखाजवळच्या दलदलीत लपवून वाढवला.

मुलगा मोठा झाल्यावर राज्याचा वाद देवांच्या सभेत गेला. तेव्हा इसिस तरुण बाईचं रूप घेऊन सेतपुढे रडू लागली. "माझा नवरा वारला. आमची गुरं एका परक्याने बळकावली, आणि माझ्या मुलाला तो हाकलून देतो." सेत चटकन बोलून गेला, की मुलगा असताना परक्याला कसं द्यायचं? झालं! स्वतःच्याच तोंडाने त्याने निकाल दिला.

म्हणून इजिप्तचा प्रत्येक राजा जिवंतपणी होरस, आणि मेल्यावर ओसायरिस. आईने लढून मिळवलेल्या गादीवर बसायचं मात्र मुलाने.

मग बाईच गादीवर बसली तर? तेही घडलं, सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वी. हातशेप्सुत ही राजाची मुलगी आणि राजाची राणी. नवरा वारला तेव्हा सावत्र मुलगा थुटमोस लहान होता. त्याच्या वतीने ती कारभार पाहू लागली आणि काही वर्षांत स्वतःच राजा झाली. राणी नव्हे, राजा! मूर्तींमध्ये ती राजाची खोटी दाढी लावलेली दिसते. देर अल-बहरीच्या आपल्या मंदिराच्या भिंतीवर तिने कोरून घेतलं, की आमून देव वडिलांच्या रूपाने आईकडे आला आणि माझा जन्म झाला. ख्नूम देव कुंभाराच्या चाकावर तिला घडवतो, असंही चित्र तिथे आहे. तिची जहाजं पुंत देशाला गेली आणि धूपाची झाडं मुळांसकट घेऊन आली. वीसेक वर्षं तिने राज्य केलं.

ती गेल्यावर बऱ्याच वर्षांनी, थुटमोसच्या राज्याच्या अखेरीस, तिचं नाव आणि चेहरे छिन्नीने खरवडले गेले. सूडच घ्यायचा होता तर इतका उशीर का? गादी बापाकडून मुलाकडे सरळ गेलेली दिसावी, मध्ये बाई नको, म्हणून हे केलं असावं, असं बरेच अभ्यासक मानतात.

पण खरवडणाऱ्यांच्या हातून एक गोष्ट सुटली. 1822 मध्ये या लिपीचं कोडं उलगडणारे शांपोलियों 1829 मध्ये त्या मंदिरात गेले. भिंतीवर दाढीवाला राजा, आणि शेजारच्या मजकुरात शब्द मात्र स्त्रीलिंगी! ते चक्रावून गेले. आपल्या मराठीत "राजा आली, राजा बसली" असं कुणी लिहिलं, तर आपणही थबकूच ना? तसंच झालं. पुढच्या अभ्यासकांनी त्या धाग्यावरून तिला शोधून काढलं.

मैत्रिणींनो, दाढी लावूनही तिने आपलं बाईपण लेखातून पुरतं पुसलं नव्हतं. म्हणूनच ती आज आपल्याला सापडली. आपण केलेल्या कामाखाली आपलं नाव आहे ना, एवढं आज बघू या. भेटू पुढच्या वेळी. नमस्कार.