मुलाखतीची तयारी घरापासून



लेखी परीक्षेत वर आलेली आपली कित्येक मुले मुलाखतीत मागे पडतात. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेत २०२५ पैकी २७५ गुण मुलाखतीचे असून ती मराठीतूनही देता येते; तेव्हा इंग्रजीची सबब पुरेशी नव्हे.

तेथील पुष्कळसे प्रश्न उमेदवाराने अर्जात लिहिलेल्या माहितीवरूनच निघतात. धुळ्याच्या मुलास राजवाडे संशोधन मंडळाविषयी, जळगावच्या मुलीस केळीविषयी विचारले, तर नवल कसले? जळगावच्या केळीस २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, हे पाठ करता येते. परंतु मालाची नासाडी कशी टाळाल, असे विचारताच स्वतःचा विचार लागतो. जे ठाऊक नसेल, ते 'ठाऊक नाही' असे नम्रपणे सांगावे. थाप लपत नाही.

मात्र मत मांडण्याची सवय आयत्या वेळी लागत नाही. घरात 'मोठ्यांपुढे बोलू नकोस' एवढेच ऐकलेले मूल परक्यांपुढे काय बोलणार? म्हणून पालकांस विनंती, की रात्री जेवताना मुलामुलींस रोज एक प्रश्न विचारावा आणि उत्तर अहिराणीतून आले तरी शेवटपर्यंत ऐकून घ्यावे.