कोरा गणवेश आणि खाजविणारे मूल

(केंद्रस्तरीय शिक्षक संमेलनातील भाषण)



माझ्या हातून घडलेली एक चूक आज आपणांपुढे मांडतो. मी नुकताच शिक्षक झालो होतो. नवा गणवेश घालून आलेला दुसरीतील एक मुलगा सारखा मान व काखा खाजवीत असे. ही खरूजच, असे ठरवून मी त्यास आठवडाभर दाराशी वेगळे बसविले. पुढे आईने सदरा दोनदा धुतला आणि पुरळ मावळले. दोष मुलाचा नव्हता. कोऱ्या कापडाचा होता.

सुरकुती पडू नये म्हणून सुती व मिश्र कापडावर काही वेळा राळेसारख्या द्रव्याची प्रक्रिया करतात. त्यातून फॉर्माल्डिहाइड नावाचा वायू थोडाथोडा सुटत राहतो. शाळेच्या कपाटातील बरणीत बेडूक टिकवून ठेवणारे फॉर्मॅलिन म्हणजे याच वायूचे पाण्यातील द्रावण होय. कोवळ्या त्वचेस त्याची बाधा होऊ शकते. जपानने १९७३ साली घरगुती वस्तूंतील घातक द्रव्यांसंबंधी कायदा केला. त्याखाली अंगालगतच्या कपड्यांत या द्रव्याचे प्रमाण दहा लक्ष भागांत ७५ भागांपर्यंतच चालते. चोवीस महिन्यांपर्यंतच्या बाळांच्या कपड्यांस तेवढीही मुभा नाही.

सुदैवाने हे द्रव्य पाण्यात सहज विरघळते. म्हणून नवा कपडा आधी धुवावा, हाच सर्वांत सोपा उपाय. हळदीकुंकवाचे बोट लावून कपडा कोराच घालण्याची आपली रीत आहे. बोट अवश्य लावावे, परंतु कपडा धुतल्यानंतर.

काही घातक रंग मात्र धुण्याने जात नाहीत. त्यांचा बंदोबस्त कायद्यानेच व्हावयाचा. ज्यांतून कर्करोगकारक द्रव्ये सुटू शकतात अशा ७० अ‍ॅझो रंगांवर भारत सरकारने १९९७ साली बंदी घातली, ती याचसाठी.

आपण एवढे करावे. गणवेश देताना तो धुऊन घालण्यास पालकांस सांगावे आणि ‘उद्याच घालून ये’ असा आग्रह न धरता दोन दिवसांची सवलत द्यावी. मूल खाजवू लागल्यास नीट पाहावे. खरूज बहुधा बोटांच्या बेचक्यांत दिसते व रात्री अधिक खाजते. कपड्याची बाधा मान, काखा, कंबर अशा घासणाऱ्या जागी उठते. शंका असल्यास मुलास प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवावे. परंतु निदानापूर्वी शिक्षा करू नये.

दाराशी बसविलेल्या त्या मुलाचे ते दिवस मला पुसून टाकता येत नाहीत. आपल्या वर्गात ते कोणाच्या वाट्यास येऊ नयेत, एवढीच विनंती.