बार्शी लाईटला चाकं कुठून आणायची?

आज कोड नाही, ॲप नाही. आज वाफेच्या इंजिनाचं छोटं मॉडेल. आणि त्यातलाही एकच प्रश्न: त्याच्याखाली चेसिस कुठली लावायची? चेसिस म्हणजे चाकं, मोटर, गिअर आणि हे सगळं धरून ठेवणारी चौकट. मॉडेल विजेवरच चालणार आहे, वाफ फक्त दिसण्यापुरती.

आधी हे खूळ आलं कुठून ते सांगतो. १७ सप्टेंबर २०२५ला बीड स्टेशनवरून पहिली प्रवासी गाडी अहिल्यानगरकडे निघाली. आम्ही सगळे मोबाईलवर व्हिडिओ बघत होतो. आमचे आजोबा अंबाजोगाई तालुक्यातले, वय चौऱ्याऐंशी. ते म्हणाले, "आम्ही पंढरीला जायचो तवा लातूरला बार्शी लाईट धरायचो. लई निवांत गाडी." मी म्हटलं, आजोबा, तीच गाडी घरात चालवून दाखवतो.

आता बार्शी लाईट म्हणजे काय, थोडक्यात. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरने ही लाईन उभी केली. १८९७ मध्ये बार्शी रोड, म्हणजे आजचं कुर्डुवाडी, ते बार्शी. १९११ मध्ये लातूर, १९२७ मध्ये मिरज. रुळांमधलं अंतर अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर. १९५४ मध्ये सरकारने ती विकत घेतली. आता त्या मार्गावर ब्रॉडगेज आहे.

कॅलथ्रॉपची गंमत ऐका. त्याने सुरुवात खालून केली. एका आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार येऊ द्यायचा नाही, हे आधी ठरवलं. मग हलके रूळ चालतात, खर्च कमी होतो. इंजिन जड हवं, पण आसावरचा भार वाढायला नको, म्हणून चाकं जास्त. लीड्सच्या किटसन कंपनीच्या पहिल्या इंजिनांना ओढणारी आठ चाकं आणि मागे आणखी चार होती.

आणि मी काय केलं? उलटं. जुन्या फोटोवरून आधी बॉडी डिझाईन केली, थ्रीडी प्रिंट काढली, रंग दिला. मग चेसिस शोधायला लागलो. एकही बसेना. कुठे मोटर बॉयलरमधून वर येतेय, कुठे चाकं केबिनच्या बाहेर. प्रिंट वाया, तीन रविवार वाया. सॉफ्टवेअरमध्ये आपण ज्युनिअरला सांगतो ना, आधी डेटा बघ, स्क्रीन नंतर? तेच मी विसरलो.

मग कागद घेऊन बसलो. ७६२ भागिले ८७ केलं तर येतं पावणेनऊ मिलिमीटर. ८७ का? कारण १:८७ हे मॉडेलवाल्यांचं जगभर चालणारं माप आहे, एचओ म्हणतात त्याला. आता एन नावाचं आणखी छोटं माप आहे. त्यात मोठ्या गाड्या १:१६० करतात आणि रुळांमधलं अंतर येतं ९ मिलिमीटर. जुळलं की नाही? म्हणजे एन मापाच्या मोठ्या गाडीची चेसिस घ्यायची आणि तिच्यावर एचओ मापाची नॅरोगेज बॉडी बसवायची. ही काही माझी आयडिया नाही, नॅरोगेज मॉडेल करणारे कित्येक वर्षं हेच करतात.

तुम्ही घेणार असाल तर चार गोष्टी बघा.

एक, चाकाचा व्यास. त्याला ८७ने गुणा. ७ मिलिमीटरचं चाक म्हणजे खरं ६०९ मिलिमीटर, दोन फुटांचं. छोट्या नॅरोगेज इंजिनाला शोभतं.

दोन, पहिल्या आणि शेवटच्या आसातलं अंतर. ते जास्त असेल तर गाडी तीव्र वळणावर घसरते. मग मधल्या चाकांची कड काढून टाकतात.

तीन, मोटरची उंची. बॉयलरच्या आत बसली पाहिजे.

चार, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं: वेग. खरी गाडी ताशी २० किलोमीटरने चालली असं धरा. १:८७ मध्ये ते होतात सेकंदाला साधारण साडेसहा सेंटिमीटर. म्हणजे एक मीटर रूळ पार करायला १५-१६ सेकंद लागले पाहिजेत. मोबाईलचं स्टॉपवॉच लावा.

माझी पहिली चेसिस एक मीटर तीन सेकंदांत गेली. हिशोब केला, ताशी १०४ किलोमीटर! आजोबा हसले. "आरं, ही बार्शी लाईट न्हाई. ही तर लग्नाला उशीर झालेली जीप हाय." व्होल्टेज कमी केलं तर गाडी धक्के खात थांबायची. दोष गिअरचा होता. मोटर भरपूर फिरली पाहिजे आणि चाक हळू, तरच संथ चाल गुळगुळीत येते.

दुसरी चेसिस जुनी, वापरलेली घेतली, एका शंटिंग इंजिनाची. मीटरला १७ सेकंद, न थांबता. पण अडचण अशी की तिला चाकं सहाच. आठ चाकांची चेसिस एवढ्या मापात मला मिळाली नाही. आठवडाभर विचार केला. शेवटी चौथी जोडी मोटरला न जोडता नुसती फिरती लावली, मागे चार चाकांची छोटी बोगी. जाणकार माणूस लगेच पकडेल. पकडू दे. चाकांत तडजोड केली, चालीत नाही केली.

कारण आजोबांना चाकं किती होती ते आठवतच नाही. डोळ्यांना आता कमी दिसतं. परवा रूळ त्यांच्या खाटेशेजारी टेबलावर मांडला, गाडी सोडली. ते कान देऊन ऐकत बसले. गाडी या टोकाची त्या टोकाला गेली तेव्हा म्हणाले, "हां. आता हिच्यातनं उतरून, बाजूनं चालून, परत चढता येईल."

बॉडी अजून प्रिंट व्हायची आहे. यावेळी मापं चेसिसवरून घेतलीत.

भेटू पुढच्या भागात. तोवर तुमच्या घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा, त्यांनी पहिली गाडी कुठली धरली होती.