धांड्याची गाडी

श्रोतेहो, माँटेसोरी पद्धतीची साधने महाग. मग खेड्यातील मुलांनी काय करावे? १९४५ साली ताराबाई मोडक यांनी समुद्रकाठच्या बोर्डी गावी बालशिक्षणाचे कार्य आरंभिले, तेव्हा त्यांनी शंखशिंपले, बिया, खडे, पाने यांनाच साधने केले. धाराशिव जिल्ह्यातील ईट गावी शिंपले कोठून मिळणार? परंतु ज्वारीचे धांडे आहेत. साल धारदार असते, म्हणून ती मोठ्यांनी सोलावी. आतील भेंडाचे तुकडे मुलांनी सालीच्या काड्यांनी जोडावेत, की बैलगाडी तयार! चाके सारखी नसली, तर ती डगमगते. मोजमापाचा धडा मूल तेथे आपणच शिकते. पालकहो, विकतचे खेळणे मोडले म्हणून मुलास रागावण्यापूर्वी स्वतःस विचारावे: घडविण्याजोगे असे त्याच्या हाती आपण काय दिले होते?