मुरगावची रात्र आणि कलकत्त्याचे घोडेस्वार
(डही येथील हिवाळी व्याख्यानमालेतील व्याख्यान)



हेरांच्या गोष्टी सगळ्यांना आवडतात. त्यांवर शंका काढणारा माणूस मात्र कुणालाच आवडत नाही, आणि संयोजकांनी आज नेमकं तेच काम माझ्यावर सोपवलंय. डहीहून समुद्र फार दूर आहे, तरी मी गोष्ट समुद्राची निवडली, गोव्याच्या मुरगाव बंदराची. कारण ही गोष्ट तपासायला पंचांग पुरतं, आणि पंचांग आपल्या प्रत्येक घरात असतं.

सप्टेंबर १९३९मध्ये युद्ध सुरू झालं, तेव्हा अरबी समुद्रातली काही जर्मन व्यापारी जहाजं आसरा शोधत मुरगावला शिरली. गोवा पोर्तुगालचा आणि पोर्तुगाल तटस्थ, त्यामुळे तिथे इंग्रजांचा हात पोचत नव्हता. एरेनफेल्स, ब्राउनफेल्स आणि ड्राखेनफेल्स ही तीन जहाजं ब्रेमेनच्या हान्सा कंपनीची. पुढे अँफोरा हे इटालियन जहाजही त्यांच्या सोबतीला आलं. जर्मन जहाजं तीन-साडेतीन वर्षं नांगर टाकून पडली होती. कुणी पकडायला आलं तर आपणच जहाज पेटवायचं, झडपा उघडून बुडवायचं, ही जर्मनांची तयारी पहिल्यापासून होती.

हिंदुस्थानात इंग्रजांच्या गुप्त कारवायांचं एक खातं होतं, एस.ओ.ई. नावाचं. कॉलिन मॅकेन्झी त्याचे इथले प्रमुख, आणि त्यांच्या हाताखाली लुईस प्यू हा लष्करी अधिकारी. तटस्थ बंदरात सरकारी फौज पाठवता येईना, म्हणून प्यूने माणसं उचलली ती कलकत्त्याच्या हौशी पलटणींतून. कलकत्ता लाइट हॉर्सचे चौदा आणि कलकत्ता स्कॉटिशचे चार, असे अठरा जण. दिवसा ताग, चहा आणि दलाली, संध्याकाळी क्लब. बरेचसे चाळिशीच्या पुढचे. फीबी नावाची एक हॉपर बार्ज मिळाली, म्हणजे बंदरातला गाळ भरून समुद्रात नेऊन टाकणारी बोट. ती कलकत्त्याहून लंकेला वळसा घालून कोचीनला आली. मंडळी रेल्वेने कोचीनला पोचली आणि तिथे बोटीवर चढली. ८ मार्च १९४३च्या रात्री फीबी दिवे मालवून मुरगावच्या नाळेत शिरली. मध्यरात्र उलटल्यावर हे लोक शिड्या लावून एरेनफेल्सवर चढले. झटापट झाली. कॅप्टन रोफर आणि त्याचे काही खलाशी मारले गेले. जर्मनांनी आग लावली, झडपा उघडल्या आणि जहाज खाली बसू लागलं. गोव्यावर स्वारीच झाली असं समजून बाकीच्या तिन्ही जहाजांनीही तेच केलं. अठराच्या अठरा परत आले. पदक कुणालाच मिळालं नाही, कारण असं काही घडलंच नाही असं सरकारला म्हणायचं होतं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पोर्तुगालशी अझोर्स बेटांवरच्या तळांचा करार व्हायचा होता. पोर्तुगीजांच्या बंदरात घुसून माणसं मारल्याची कबुली त्या वेळी कोण देईल?

ही गोष्ट पुस्तकरूपाने आली १९७८मध्ये. जेम्स लीझरने जुन्या घोडेस्वारांशी बोलून ‘बोर्डिंग पार्टी’ लिहिलं. दोन वर्षांनी त्यावर ‘द सी वुल्व्ह्ज’ हा सिनेमा निघाला, ग्रेगरी पेक, रॉजर मूर आणि डेव्हिड निव्हनचा. चित्रीकरण गोव्यातच झालं. पुस्तकाला प्रस्तावना माउंटबॅटनची. ती वाचून वाचकाला वाटतं की आता खुद्द सेनापतीचीच साक्ष मिळाली. पण मार्च १९४३मध्ये माउंटबॅटन लंडनला होते. आग्नेय आशियाची सूत्रं त्यांच्याकडे आली ती त्या वर्षीच्या शरदात. म्हणजे त्यांचीही साक्ष ऐकीवच.

आता तपासाला लागू. पुस्तक म्हणतं, छापा कार्निव्हलच्या रात्री घातला, जर्मन खलाशी मजा करायला किनाऱ्यावर गेलेले असावेत म्हणून. ही सजावट वाटते. लेखकाला रंग भरायचाय, तर कार्निव्हलइतका रंग दुसरा कुठला? म्हणून हिशेब करून पाहिला. १९४३चा ईस्टर होता २५ एप्रिलला. ईस्टर याहून उशिरा येऊच शकत नाही. त्याच्या शेहेचाळीस दिवस आधी ख्रिस्ती उपास सुरू होतात. तो बुधवार १० मार्चला पडतो. त्याआधीचे शनिवार ते मंगळवार हे चार दिवस कार्निव्हलचे, म्हणजे ६ ते ९ मार्च. तपशील अचूक बसला.

मग चंद्र पाहिला. सगळे म्हणतात रात्र काळी होती. ६ मार्चला अमावास्या. ८ तारखेच्या रात्री फाल्गुन शुद्ध द्वितीया-तृतीयेची कोर, ती संध्याकाळीच मावळलेली. मध्यरात्रीनंतर आकाशात काही नव्हतं. म्हातारे खरं बोलले. पस्तीस वर्षांनंतरही त्यांच्या डोळ्यांना जे दिसलं होतं ते शाबूत राहिलं. यावर माझा विश्वास बसला, आणि आता जे सांगणार आहे ते या विश्वासासकट ऐका.

पुस्तकाचा खरा दावा पुढे आहे. एरेनफेल्सवर एक चोरटं बिनतारी यंत्र होतं. मुंबईहून कोणतं जहाज केव्हा निघालं याची खबर जर्मन पाणबुड्यांना त्यावरून जायची. छापा पडला आणि खबर थांबली. पुरावा म्हणून आकडे दिले जातात. मार्चच्या पहिल्या अकरा दिवसांत हिंदी महासागरात बारा जहाजं, सुमारे ८०,००० टन, बुडाली. उरलेल्या महिन्यात एकच, पनामाच्या झेंड्याचं नॉर्टुन. किती नेटकं! ९ तारखेला छापा आणि लगेच शांतता.

पण ही जहाजं बुडाली कुठे? जर्मन पाणबुड्यांच्या नोंदी युद्धानंतर उघड झाल्या. त्या महिन्यातला मोठा घाव ३ मार्चचा. यू-१६० या पाणबुडीने डरबनहून निघालेल्या तांड्यातली चार जहाजं बुडवली. डरबन मुरगावपासून सहा हजार किलोमीटरहून जास्त दूर आहे. मुंबईहून कोण निघालं, हे कळून डरबनच्या तांड्यावर हल्ला कसा करणार? त्या वेळच्या जर्मन पाणबुड्या दक्षिण आफ्रिकेच्या आसपास होत्या. त्यांचा मुक्काम संपला, इंधन सरलं, आणि मार्चमध्ये त्या घराकडे वळू लागल्या. बुडणं कमी झालं त्याचं कारण हे. ते एकटं नॉर्टुन तर हिंदी महासागरात बुडालंच नाही. २० मार्चला यू-५१६ने परतीच्या वाटेवर त्याला आफ्रिकेच्या पश्चिमेकडे, अटलांटिकमध्ये गाठलं. अरबी समुद्रात जर्मन पाणबुड्यांची मान्सून टोळी आली ती १९४३च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात. तेव्हा एरेनफेल्स मुरगावच्या गाळात होतं, तरी त्या टोळीला जहाजं सापडली.

मग एवढी माणसं कशाला पाठवली? माझं मत सांगतो, पटलं तर घ्या. यंत्र हे निमित्त असेल किंवा मनापासूनची भीतीही असेल, पण खरा मोह जहाजाचा होता. १९४३च्या सुरुवातीला दोस्तांना जहाजांची भयंकर चणचण होती, आणि एरेनफेल्स साडेसात हजार टनांहून मोठं, वेगवान जहाज. वर्षभरापूर्वी, जानेवारी १९४२मध्ये, याच खात्याने स्पेनच्या फर्नांदो पो बेटावरच्या तटस्थ बंदरातून दुकेसा दाओस्ता हे इटालियन जहाज ओढून पळवलं होतं. ते यशस्वी झालं तर मुरगावला का नाही? असा विचार या खात्याच्या लंडन आणि मेरठमधल्या टेबलांवर झाला असणार. मुरगावला जहाज हाती लागलं नाही. ते जर्मनांनी स्वतःच बुडवलं. पकडायला गेलो आणि हात हलवत परत आलो, असा अहवाल कुणाला आवडतो? शत्रूचं यंत्र बंद पाडलं, हे मात्र सगळ्यांना आवडतं.

यात म्हातारे घोडेस्वार खोटं बोलले असं मी म्हणत नाही. त्यांना निघताना जे सांगितलं तेच त्यांनी जन्मभर धरून ठेवलं. गुप्त कामात हाताखालच्या माणसाला कामापुरतंच सांगतात, आणि त्याची छाती भरेल एवढं कारण देतात. शिडी किती हलत होती हे त्याला माहीत असतं. शिडी का लावली, हे दुसऱ्याच कुणाला माहीत असतं, आणि तो दुसरा पुस्तक लिहीत नाही. वर सरकारने पस्तीस वर्षं तोंड बंद ठेवलं, म्हणजे भांडण काढायला, खोडून काढायला समोर कुणी उरलाच नाही.

समोर कोण कोण होतं ते तरी पाहा. लीझरच्या पुस्तकात छाप्याआधीची एक गोष्ट येते. पणजीत राहणाऱ्या कोख नावाच्या जर्मनाला आणि त्याच्या बायकोला मोटारीत घालून सरहद्दीपार नेलं, तो हेरांचा मुख्य होता म्हणे. ही हकीकत आपल्याकडे पोचते ती पळवणाऱ्यांच्या तोंडून. त्या बाईंनी ती कशी सांगितली असती? आणि गोव्याची माणसं कुठे आहेत? तीन वर्षं त्या जहाजांना भाजीपाला, पाणी, कोळसा कुणी पुरवला, त्या रात्री वास्कोच्या किनाऱ्यावरून जाळ कुणी पाहिला, सकाळी पाण्यावर काय तरंगत होतं? पुस्तकात गोवेकर आहेत ते बहुतेक कार्निव्हलमध्ये नाचायला.

ही एकतर्फी साक्ष धारचे लोक ओळखतील. ऑक्टोबर १८५७मध्ये धारच्या किल्ल्याला इंग्रजांनी वेढा दिला, तटाला खिंडार पाडलं, आणि ३१ तारखेच्या सुमाराला आतली शिबंदी रात्रीतून निसटून गेली. वाट कुणी दाखवली, पहारा कसा चुकवला, ही खरी हेरगिरीची कथा. ती निसटलेल्यांनी कधी लिहिली नाही. लिहिलं ते बाहेर तोफा घेऊन बसलेल्यांनी, आणि त्यांना निसटणं दिसलंच नव्हतं.

याच माळव्यातून तेव्हा विष्णुभट गोडसे जात होते. त्यांनी ‘माझा प्रवास’ लिहिला १८८३मध्ये, पाव शतकानंतर. चिं. वि. वैद्यांनी तो १९०७मध्ये छापला तेव्हा त्यावर आपला हात फिरवला. मूळ मजकूर दत्तो वामन पोतदारांनी १९६६मध्ये पुढे आणला. गोडसेभटजींच्या तारखा चुकतात, ऐकीव लढाया पाहिल्यासारख्या येतात. पण दक्षिणा किती मिळाली आणि पाणी कुठे मिळालं नाही, यावर त्यांना कोर्टात उभं करा, ते डगमगणार नाहीत. लीझरच्या घोडेस्वारांचं हेच आहे. फरक एवढाच की भटजींना युद्ध आपण फिरवलं असं कधी वाटलं नाही.

एक उलटं उदाहरण देतो, आपल्या मराठी माणसाचं. कॅप्टन मोहन नारायणराव सामंत. नौदलाच्या करंज पाणबुडीचे कप्तान. १९७१मध्ये, बांगलादेशाच्या मुक्तिसंग्रामात, त्यांना एक न सांगण्यासारखं काम मिळालं. फ्रान्समधल्या तूलाँ बंदरात पाकिस्तानची मांग्रो पाणबुडी होती. तिच्यावरचे आठ बंगाली नौसैनिक पळून भारतात आले. त्यांना हाताशी धरून प्लासीजवळ भागीरथीच्या काठी पूर्व बंगालची पोरं पोहायला आणि जहाजाच्या पोटाला चिकटणारे सुरुंग लावायला शिकली. आकाशवाणीच्या कोलकाता केंद्रावरून ठरलेली गाणी लागली, हीच खूण. १५ ऑगस्टच्या मध्यरात्रीनंतर चट्टग्राम, मोंगला, चांदपूर आणि नारायणगंज या चार बंदरांत स्फोट झाले. सामंतांना महावीरचक्र मिळालं, पण या कामाबद्दल उघड बोलता येत नव्हतं. संदीप उन्नीथन यांच्यासह त्यांचं ‘ऑपरेशन एक्स’ २०१९मध्ये आलं, त्याच वर्षी ते वारले.

या हकीकतीवर मी जास्त विश्वास का ठेवतो? सामंत आपले म्हणून नव्हे. ज्यांनी सुरुंग लावले ते बांगलादेशात आहेत, त्यांनीही आपापलं सांगितलंय, आणि काही ठिकाणी सामंतांपेक्षा वेगळं सांगितलंय. बुडालेली जहाजं बंदरांत सगळ्यांना दिसली. आणि सामंत स्वतः १० डिसेंबर सांगतात. खुलन्याजवळ त्यांच्याच ताफ्यातल्या पद्मा आणि पलाश या बोटींवर आपल्याच वायुदलाने चुकून बॉम्ब टाकले. माणसं गेली. शौर्यकथा रचणारा माणूस हा दिवस गाळतो. तरीही एक अडचण उरतेच. २०१०मध्ये वृत्तपत्रांत आलं की लष्कराच्या कोलकात्यातल्या पूर्व मुख्यालयातली १९७१ची बरीच कागदपत्रं नष्ट झालीयत. जनरल जेकब यांनीही, आपण मुख्यालयाची सूत्रं घेतली तेव्हाच ती नव्हती, असं सांगितलं. कागद गेले की म्हाताऱ्यांची स्मृतीच दप्तर होते, आणि त्या दप्तरावर एवढा भार टाकणं त्यांच्यावरही अन्याय आहे.

एका श्रोत्याने मघाशी चिठ्ठीत विचारलंय की मग मुरगावचं पुढे काय. पणजीच्या पुराभिलेखागारात पोर्तुगीज राजवटीचं दप्तर आहे. इथला कुणी विद्यार्थी पोर्तुगीज शिकून तिथे गेला, तर एरेनफेल्सचं नाव काढून पहिली फाइल मागू नकोस, असं मी त्याला सांगेन. त्या फाइलीत सरकारला जे म्हणायचं होतं ते असेल. त्याने बंदरावरचा हजेरीपट मागावा, होडीवाल्यांच्या परवान्यांची वही मागावी, आणि ९ मार्च १९४३ला सकाळी कोण कामावर आला आणि कोण आला नाही, तिथून सुरुवात करावी.