न मोजलेल्या यंत्रांची मोजदाद



बिटकॉइन या चलनामागे जगभर किती यंत्रे राबत आहेत, याची शिरगणती कोणी केलेली नाही. तरीही त्यांच्या एकूण शक्तीचा आकडा रोज प्रसिद्ध होतो आणि त्याच्या भरवशावर लोक पैसा घालतात. हा आकडा येतो कोठून आणि त्यावर किती विसंबावे, एवढेच आज आपणांपुढे मांडावयाचे आम्ही योजिले आहे.

बिटकॉइन म्हणजे ३ जानेवारी २००९ रोजी सुरू झालेली एक सार्वजनिक रोजकीर्द. तिचे नवे पान, म्हणजे ब्लॉक, जो पक्के करील त्याला नवी नाणी मिळतात. यालाच खाणकाम असे नाव पडले आहे. यंत्र पानाच्या मजकुरावर एक गणिती क्रिया करते. उत्तर ठराविक मर्यादेखाली आले तर पान पक्के झाले. नाही तर मजकुरातील एक आकडा बदलून पुन्हा तेच. येथे बुद्धीचे काम नाही, फाशांचे दान आहे. मर्यादा किती कडक, त्याला काठिण्य म्हणतात. काठिण्य १ असता एका पानास सरासरीने सुमारे ४२९ कोटी प्रयत्न लागतात. काठिण्य दुप्पट झाले की प्रयत्नही दुप्पट.

समजा, बंद वाड्यात काही माणसे फासे टाकीत आहेत आणि हवे ते दान पडले की ओरडतात. आपण बाहेर ओट्यावर बसलो आहोत. आत किती हात चालले आहेत, हे आपण ओरडण्यांमधील वेळावरूनच ताडणार. बिटकॉइनचा हिशेब असाच आहे. काठिण्याला ४२९ कोटींनी गुणावे, एका पानास लागलेल्या सरासरी सेकंदांनी भागावे, की दर सेकंदाचे प्रयत्न निघतात.

पण दान हे दान आहे. दहा मिनिटांस एक या मानाने दिवसाला १४४ पाने व्हावीत. शक्ती तसूभरही न बदलता एखादे दिवशी १३२ होतील, एखादे दिवशी १५६. तीनांतला एक दिवस याहूनही दूर जाईल. म्हणजे एका दिवसाच्या अंदाजात ८ टक्क्यांची चूक ही नित्याची बाब. "काल शक्ती ८ टक्के वाढली" असे कोणी सांगितले, तर ते केवळ नशीबही असू शकते.

म्हणून मूळ नियमच धीराचा आहे. दर २०१६ पानांनी, सुमारे १४ दिवसांनी, काठिण्य नव्याने ठरते. पाने लवकर झाली असतील तर ते वाढते, उशिरा झाली असतील तर उतरते. एका वेळी चौपटीहून अधिक बदल होत नाही. भाकीत करणे अवघड नाही. निम्मी १००८ पाने सातऐवजी सहा दिवसांत झाली आणि तोच वेग टिकला, तर काठिण्य सुमारे १७ टक्क्यांनी वाढेल. मात्र येथेही ३ टक्क्यांचा फरक नशिबाचा धरावा, आणि वेग टिकेलच याची हमी कोणाची?

२०२१ साली चीनने खाणकामावर बंदी आणली आणि तेथील यंत्रे झपाट्याने थंडावली. १४ दिवसांची पाने पुरी व्हायला १९ दिवसांहून अधिक लागले आणि ३ जुलै रोजी काठिण्य सुमारे २८ टक्क्यांनी उतरले. ज्यांची यंत्रे चालू राहिली, त्यांचा वाटा आपोआप वाढला. आदल्या एप्रिलच्या वेगावरून हे कोणाला वर्तवता आले नसते.

आता आपल्या जवळची गोष्ट. खाणकामाच्या नावाने दरमहा १० टक्के परतावा देऊ, अशी १८ महिन्यांची हमी देणारी एक योजना निघाली होती. तिच्या प्रवर्तकाला २०१८ साली पुणे पोलिसांनी अटक केली. खटल्याचे सोडा, आपण नुसते गणित करू. ठराविक काळात निघणारी नाणी नियमाने बांधलेली आहेत. जगात यंत्रे वाढली की काठिण्य चढते आणि त्याच यंत्राच्या वाट्याला कमी नाणी येतात. मग दीड वर्षाचा ठाम परतावा खाणीतून निघणार कसा?

उद्या कोणी असा आकडा घेऊन आपल्या दारी आला, तर त्याला दोनच प्रश्न विचारावे: हा किती पानांवरून काढला? आणि काठिण्य वाढले तर माझा वाटा किती उरेल? उत्तर मिळेपर्यंत पैशाची पेटी उघडू नये.