आमदारांकडे जावे कसे?

(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात नाशिक मुक्कामी केलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्यासपीठावरून आजवर मोठमोठ्या विद्वानांची भाषणे झाली. मी जुन्या अकरावीची मॅट्रिक झालेला एक निवृत्त प्राथमिक शिक्षक. मजसारख्या अल्पशिक्षिताने आपणापुढे काय बोलावे, असा संकोच मनात होता. परंतु चिटणीसांनी आग्रह धरला आणि विषयही मीच निवडावा असे सांगितले, तेव्हा जन्मभर ज्याचा अनुभव घेतला तोच विषय घेऊन मी उभा आहे. आपण आमदार निवडून देतो. पण निवडून दिल्यानंतर त्यांच्याकडून काम करून कसे घ्यावे, हे आपणांस माहीत आहे काय?

आपली नेहमीची रीत काय? निवडून आलेल्या आमदाराचा आपण सत्कार करतो, शाल व श्रीफळ देतो, छायाचित्र काढतो. पुढे भेटीस जातो ते बहुधा मुलाच्या प्रवेशासाठी, भाच्याच्या बदलीसाठी किंवा लग्नाची पत्रिका देण्यासाठी. आमदारही लग्नाला आवर्जून येतात, आणि आपण कृतार्थ होतो. परंतु लग्नाला येणे हे काही आमदाराचे घटनेने नेमून दिलेले काम नव्हे! कायदे करणे, राज्याचा खर्च मंजूर करणे आणि मंत्र्यांना जाब विचारणे ही त्याची तीन मुख्य कामे होत. त्यांपैकी एकाही कामाविषयी आपण त्याला वर्षातून एक तरी पत्र लिहितो काय, याचे उत्तर ज्याचे त्याने मनाशी द्यावे.

प्रथम थोडी माहिती. महाराष्ट्राच्या विधानसभेत २८८ सदस्य निवडून येतात. त्यांपैकी १५ आपल्या नाशिक जिल्ह्यातून. विधान परिषदेत ७८ सदस्य असतात. तेथे नाशिक विभागासाठी पदवीधरांचा एक व शिक्षकांचा एक असे दोन स्वतंत्र मतदारसंघ आहेत. या मतदारसंघांच्या याद्या प्रत्येक निवडणुकीच्या वेळी नव्याने तयार होतात. मागील खेपेस नाव होते म्हणून या खेपेस असेलच असे नाही. शिक्षक मतदारसंघात माध्यमिक शाळेपासून वरच्या शिक्षकांनाच मत असते. त्यामुळे मला जन्मभर ना पदवीधर म्हणून मत मिळाले, ना शिक्षक म्हणून! आपल्या समाजात आज घरोघरी पदवीधर आहेत. त्यांनी तरी नावे नोंदवावीत, एवढीच माझी विनंती.

दुसरी गोष्ट, कोणते गाऱ्हाणे कोणाकडे न्यावे? गल्लीतील दिवा, गटार व नळ यांसाठी महानगरपालिका व नगरसेवक. रेल्वे आणि पारपत्र यांसाठी खासदार. पोलीस, जमिनीचा महसूल, शेती, पाटबंधारे, सरकारी दवाखाने हे राज्याचे विषय, म्हणून ते आमदाराचे. चुकीच्या दारावर टकटक केली की पाय दुखतात, आणि दोष मात्र आपण लोकशाहीला देतो.

आता आमदारापाशी साधने कोणती, ते पाहू. तारांकित प्रश्नाला मंत्र्यास सभागृहात तोंडी उत्तर द्यावे लागते व त्यावर उपप्रश्न निघतात. अतारांकित प्रश्नास लेखी उत्तर मिळते. तातडीच्या व सार्वजनिक महत्त्वाच्या बाबीसाठी लक्षवेधी सूचना असते. सरकार करीत नसेल असा कायदा सुचविण्यासाठी अशासकीय विधेयक असते. मंत्र्याने सभागृहात दिलेला शब्द पाळला की नाही, हे पाहण्यासाठी आश्वासन समिती आहे. आणि जनतेचा अर्ज आमदाराच्या हस्ते थेट सभागृहापुढे जावा, यासाठी विनंती अर्ज समितीही आहे. ही नावे ध्यानात ठेवण्याचे कारण असे की, "साहेब, आमच्याकडे लक्ष द्या" असे म्हणणारा माणूस हात हलवीत परत येतो. "साहेब, या विषयावर तारांकित प्रश्न द्यावा, माहिती मी आणली आहे" असे म्हणणाऱ्यास ते सहसा खुर्ची देतात.

येथे माझा स्वतःचा अनुभव सांगतो. मी एका दुर्गम खेड्यात शिक्षक होतो. शाळेच्या दोन खोल्या पावसाळ्यात गळत. मुले पाठीवर पोते घेऊन बसत. आम्ही ग्रामस्थांच्या सह्यांचा एक लांबलचक अर्ज केला. आरंभी स्तुतीची दहा वाक्ये, मग रस्ता, विहीर, समाजमंदिर, बस आणि शेवटी शाळा. त्याचे उत्तर आले नाही. स्मरणपत्रालाही आले नाही. पुढे कचेरीत नोकरी करून निवृत्त झालेले एक वृद्ध गृहस्थ गावात आले. त्यांनी अर्ज वाचला आणि म्हणाले, "गुरुजी, हा अर्ज नाही, हे कीर्तन आहे. एका कागदावर एकच मागणी लिहा." आम्ही तसे केले. पटावर मुले किती, खोल्या किती, पहिला अर्ज कोणत्या तारखेला दिला, त्यास उत्तर आले की नाही आणि आमची मागणी काय, एवढेच लिहिले. प्रत स्वतः नेऊन दिली व पोच घेतली. अधिवेशनात त्यावर प्रश्न निघाला. दोन वर्षे गेली. दोन खोल्या मागितल्या होत्या, एक मिळाली. पण ज्या दिवशी त्या खोलीत पहिल्या पावसात मुले कोरडी बसली, त्या दिवशी मला नागरिकशास्त्राचा खरा धडा कळला. तोवर मी तो केवळ शिकवीत होतो.

वेळेचेही भान हवे. अर्थसंकल्पी व पावसाळी अधिवेशने मुंबईस आणि हिवाळी अधिवेशन, १९५३ च्या नागपूर कराराची जाण ठेवून, नागपूरला भरते. प्रश्नांच्या सूचना अधिवेशनाच्या बऱ्याच आधी द्याव्या लागतात. अधिवेशन सुरू झाल्यावर धावणारा अर्जदार हा गाडी सुटल्यावर तिकीट काढणारा प्रवासी होय. आणि सरकारी कागदावर काय शेरा पडला हे कळत नसेल, तर २००५ चा माहितीचा अधिकार आहेच.

आपण म्हणाल, "गुरुजी, असे अर्ज करून कोठे राज्य हलते?" तर आपल्याच नाशिकची दोन उदाहरणे घ्या.

६ मार्च २०१८ रोजी किसान सभेच्या झेंड्याखाली हजारो शेतकरी, त्यांत बहुसंख्य आदिवासी, नाशिकहून मुंबईस पायी निघाले. कसणाऱ्याच्या नावे वनजमीन व्हावी ही त्यांची एक मुख्य मागणी. विधिमंडळाचे अर्थसंकल्पी अधिवेशन चालू होते, आणि जावयाचे होते विधानभवनावर. सुमारे १८० किलोमीटर चालून ते मुंबईत पोहोचले, तेव्हा दुसऱ्या दिवशी दहावीची परीक्षा होती. मुलांची वाट अडू नये म्हणून पायांना फोड आलेली ती माणसे रातोरात चालून आझाद मैदानावर गेली. शिक्षक म्हणून मी त्यांना तेव्हाच मनोमन नमस्कार केला. १२ मार्चला सरकारने लेखी आश्वासन दिले. परंतु पुढचे पाहा. आश्वासनांची पूर्तता झाली नाही म्हणून २०१९ साली त्यांना पुन्हा निघावे लागले आणि २०२३ साली पुन्हा. त्या तिसऱ्या खेपेस सरकारचे निवेदन सभागृहात झाले, तेव्हाच माणसे वाटेतून परत फिरली. तात्पर्य, आश्वासन मिळाले म्हणजे काम झाले असे नव्हे. तेथून काम सुरू होते.

दुसरे उदाहरण आपल्या जवळचे आहे, आणि ते बोलताना माझा आवाज कापला तर क्षमा करावी. जून २०१३ मध्ये याच शहरात एका पित्याने आपल्या गर्भवती मुलीचा जीव घेतला. तिने जातीबाहेर विवाह केला होता, आणि मागे जातपंचायतीचा धाक होता. त्यानंतर महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने जातपंचायतीला मूठमाती देण्याचे अभियान नाशिकहूनच सुरू केले. डॉ. नरेंद्र दाभोलकर त्यात अग्रभागी होते. त्याच वर्षी २० ऑगस्टला पुण्यात त्यांची हत्या झाली. तरी काम थांबले नाही. नाशिकचे कृष्णा चांदगुडे आणि त्यांचे सहकारी एकेका पीडित कुटुंबाची हकिकत गोळा करीत गेले, पोलिसांकडे गेले, सरकारकडे कायद्याची मागणी करीत राहिले. अखेर १३ एप्रिल २०१६ रोजी विधिमंडळाने सामाजिक बहिष्कारविरोधी विधेयक एकमताने संमत केले. राष्ट्रपतींची संमती मिळून जुलै २०१७ मध्ये तो कायदा अमलात आला. कोणासही वाळीत टाकणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही शिक्षा त्यात आहेत.

मुंबई राज्यात १९४९ साली बहिष्काराविरुद्ध एक कायदा झाला होता. तो १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने रद्दबातल ठरविला. त्यानंतर ५० वर्षांहून अधिक काळ जातीने जातीतल्याच माणसाला वाळीत टाकावे आणि त्याने ते निमूट सोसावे, अशी स्थिती होती. तिच्याविरुद्ध स्वतंत्र कायदा उरला नव्हता.

त्या काळातली एक गोष्ट मी आजवर कोणास सांगितली नाही. मी तेव्हा नुकताच नोकरीस लागलो होतो. आपल्याच समाजातील, आमच्याच आळीतील एका मुलीने परजातीत लग्न केले. पंचांनी त्या घराचे पाणी बंद केले. पुढे त्या घरातले म्हातारे आजोबा वारले. त्यांनीच मला लहानपणी खांद्यावर बसवून गोदाकाठची जत्रा दाखविली होती. त्यांच्या तिरडीला चौथा खांदा मिळेना. मी दाराच्या आत उभा होतो. माझ्या बहिणीचे लग्न ठरावयाचे होते. मी बाहेर पडलो नाही. अखेर परजातीतला तो जावईच खांदा द्यायला आला. त्या पंचांपैकी आज कोणी हयात नाही, म्हणून मी त्यांना बोल लावीत नाही. मी हयात आहे, म्हणून स्वतःला लावतो.

बंधूंनो, कायदा करावयास लावणारी माणसे काही निराळ्या मातीची नव्हती. फरक एवढाच की, ती दारातून बाहेर पडली.

आता आपल्या संस्थेविषयी थोडे स्पष्ट बोलतो. वडीलधाऱ्यांनी राग मानू नये. निवडणूक आली की आपल्या समाजाची मते किती, याचा हिशेब होतो आणि कोणीतरी ती एकगठ्ठा देण्याची हमी घेतो. गठ्ठ्याला दोरी असते, तोंड नसते. एकदा गठ्ठा उचलला की त्याला कोणी काही विचारीत नाही. म्हणून मते ज्याची त्याने द्यावी. मागणी मात्र सर्वांनी मिळून करावी. आणि ती मागणी केवळ आपल्या जातीपुरती नसावी. शाळेची खोली आपण मागितली, तर तिच्यात सर्वांची मुले बसतील. अशी मागणी आमदारास टाळणे कठीण जाते, कारण तिला "हे तुमच्या समाजाचे" असे म्हणून बाजूस सारता येत नाही.

सबब माझ्या तीन नम्र सूचना आहेत. पहिली, संस्थेने पाच जणांची एक निवेदन समिती नेमावी. त्यांत निदान दोन भगिनी असाव्यात. तिने प्रत्येक अधिवेशनाच्या दोन महिने आधी एक विषय घेऊन, माहिती जमवून, आपापल्या आमदारास भेटावे आणि उत्तराचा पाठपुरावा करावा. दुसरी, आलेली उत्तरे, आणि न आलेलीसुद्धा, पुढील स्मरणिकेत छापावीत. सत्काराच्या छायाचित्रांना दोन पाने कमी दिली तरी चालेल. तिसरी, आपल्या समाजात कोणासही, कोणत्याही कारणाने, वाळीत टाकले जाणार नाही, असा ठराव याच मेळाव्यात करून त्याची प्रत जिल्ह्यातील पंधराही आमदारांना पाठवावी. कायदा त्यांनी केला. तो आपण पाळतो, हे त्यांना कळू द्या. मग दुसऱ्या एखाद्या कायद्यासाठी आपण त्यांच्या दारी गेलो, तर आपल्या शब्दाला वजन राहील.

ठराव मांडण्यास मी तयार आहे. अनुमोदन आपणांपैकी कोणीतरी द्यावे. एकदा मी दाराच्या आत राहिलो होतो. आज बाहेर आलो आहे.